गार कूलर दाखवून मोठा कूलर गळ्यात मारला

मिनेसोटात जानेवारीत, बाहेर उणे १५, आणि माझ्या विमानाचं तेल तापतंय. कुणाला सांगितलं तर हसायचे. विमान आरव्ही-९, गॅरेजमध्ये मीच बांधलेलं, पुढे लायकमिंग ओ-३२० इंजिन. तेलाचा काटा ११० सेल्सियसच्या वर जायचा. मर्यादा ११८ ची. सिलिंडर हेडचं तापमान मात्र ठीक. म्हणजे हवा कमी पडत नव्हती, भानगड तेलाच्या वाटेत होती. थंडीसाठी ऑइल कूलरच्या (तेल हवेने गार करणाऱ्या जाळीच्या) तोंडावर लावलेला पत्रा काढून पाहिला, तरी काटा हलेना.

आमच्या विमानतळावर जुने पार्ट विकणारे एक गृहस्थ असतात. इंजिनातले जाणकार म्हणून सगळे त्यांना विचारतात. त्यांनी काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडायला लावलं, ऑइल कूलरवर हात ठेवला. "बघ, गारठलाय. काम करत नाहीये. तुझ्या इंजिनाला हा लहान पडतो." मोठा त्यांच्याकडे होताच! ओव्हरहॉल केलेला, प्रेशर टेस्ट झालेला, यलो टॅगसकट, म्हणजे दुरुस्ती झाल्याच्या पिवळ्या चिठ्ठीसकट. रोख दिले तर ४०० डॉलर.

गोम इथेच आहे. कूलर लहान असता तर हाताला चटका बसला असता. तेल ११० वर आणि कूलर गार, म्हणजे तेल त्यात जातच नाहीये. लायकमिंगमध्ये व्हर्नाथर्म नावाचा व्हॉल्व्ह असतो. तेल थंड असताना तो आखडलेला असतो आणि बरंचसं तेल कूलरला वळसा घालून जातं. ८५ अंशांच्या आसपास तो लांब होऊन वळशाची वाट बंद करतो. तो मेला की कूलर कितीही मोठा लावा, उपयोग शून्य. (कडाक्याच्या थंडीत कूलरमध्येच तेल घट्ट होऊन बसलं तरी असंच दिसतं, तेही तपासावं.) इंजिनात उभा जन्म घालवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

नवा कूलर बसवला, काटा तिथेच. मग व्हर्नाथर्म काढून पातेल्यात, गरम पाण्यात थर्मामीटरसोबत धरला. पाणी ९५ वर गेलं तरी तो ढिम्म. दुसरा घातल्यावर तेल ८५ च्या आसपास राहू लागलं.

पण खरी फसवणूक नंतर उघडी पडली. तेल बदलताना फिल्टर कापला तर आत धातूचा चकचकीत चुरा. मग कूलरच्या पट्टीवरचा सिरियल नंबर टॅगशी ताडून पाहिला, जुळेना. टॅगवर ज्या रिपेअर स्टेशनचं नाव होतं तिथे फोन केला. हा टॅग आमचा नाहीच, म्हणाले. यलो टॅग ही नुसती रूढी आहे. मागायचा तो एफएएचा (अमेरिकेच्या विमान नियामकाचा) ८१३०-३ फॉर्म, म्हणजे पार्ट वापरायोग्य असल्याचा दाखला, किंवा स्टेशनची वर्क ऑर्डर. मी कागद मागितले होते, तेव्हा उत्तर मिळालं होतं, "एक्सपेरिमेंटल विमानाला कागद कशाला?" घरी बांधलेल्या विमानाला प्रमाणित पार्टची सक्ती नाही, हे खरं. म्हणूनच बेअरिंग झिजून चुरा झालेल्या इंजिनांवरचे कूलर आमच्यासारख्या घरी विमान बांधणाऱ्यांकडे वळतात. त्यांच्या बारीक नळ्यांत अडकलेला चुरा धुऊन पूर्ण निघेल याची खात्री कुणी देत नाही.

संशयित पार्टसाठीचा एफएएचा फॉर्म ८१२०-११ भरून पाठवला. गृहस्थांना जाब विचारला, तर म्हणाले, कूलर परत दे, अर्धे पैसे देतो. परत घेऊन ते पुढच्याला विकणार, हे उघड होतं. मी ड्रिलने त्याला आरपार भोकं पाडली आणि भंगारात टाकला.