ग्लस्टरएफएस: नोड शटडाउन करून नाही, केबल उपटून बघा

ग्लस्टरएफएस म्हणजे अनेक मशीनच्या डिस्क जोडून एकच सामायिक साठा करणारी फाइल सिस्टिम. आमच्या ऑफिसात तीन मशीनवर रेप्लिका ३ (प्रत्येक फाइलीची तिन्हीवर एकेक प्रत) लावून ती काही महिने रोज वापरतोय. स्कॅन केलेली कागदपत्रं, छपाईच्या फाइली असा माल. एखादं मशीन बसलं तरी फाइल उघडली पाहिजे, त्यासाठीच सगळा खटाटोप.

उघडते का? उघडते. पण किती वेळाने, ते तुम्ही नोड (म्हणजे या तिघांतलं एक मशीन) कसा पाडता त्यावर आहे. बहुतेक जण शटडाउन देऊन बघतात. त्यात ब्रिकची (त्या नोडवरच्या साठ्याच्या फोल्डरची) प्रोसेस रीतसर बंद होते, टीसीपी कनेक्शन तुटतं, क्लायंटला (फाइली वापरणाऱ्या मशीनला) लगेच कळतं आणि उरलेल्या दोघांवर काम चालू राहतं. सगळे खूश. खरोखर वीज जाते किंवा स्विचचं पोर्ट मरतं तेव्हा मात्र कोणी निरोप देऊन जात नाही.

मी एका फाइलीत दर सेकंदाला वेळ लिहिणारी स्क्रिप्ट लावली आणि केबल उपटली. १४:०७:११ च्या खालची ओळ थेट १४:०७:५४ ची. मधल्या वेळात फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांडसुद्धा गप्प. एरर कुठेच नाही, नुसतं गोठलेलं माउंट (क्लायंटवर जोडलेलं ग्लस्टरचं फोल्डर). हा पिंग-टाइमआउट, म्हणजे गप्प झालेल्या नोडची क्लायंट वाट बघतो तो वेळ; डिफॉल्ट ४२ सेकंद. मी तो २० वर आणलाय. त्याहून फार खाली नेऊ नका: नेटवर्क जरा अडखळलं की क्लायंट कनेक्शन तोडतो, आणि परत जोडताना उघड्या फाइली आणि लॉक नव्याने घ्यावे लागतात. ते महाग पडतं.

दुसरी चाचणी कोणी करत नाही. नोड पडलेला असतानाच क्लायंट रीबूट करा. माउंट करताना दिलेलं सर्व्हरचं नाव फक्त व्हॉल्यूमची (सगळ्या ब्रिक मिळून झालेल्या साठ्याची) माहिती आणण्यापुरतं असतं, पुढे क्लायंट सगळ्या ब्रिकशी स्वतः बोलतो. पण नेमकं तेच मशीन पडलेलं असेल तर माउंटच होत नाही, दोन धडधाकट नोड शेजारी असूनही. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) बॅकअप-व्हॉलफाइल-सर्व्हर्स या पर्यायात उरलेल्या नोडची नावं टाकली की प्रश्न मिटतो.

केबल परत लावल्यावर राहिलेले बदल सेल्फ-हील डीमन (मागे आपोआप चालणारी दुरुस्तीची प्रोसेस) भरून काढतो. हील इन्फो कमांडमधला बाकी फाइलींचा आकडा शून्यावर येईपर्यंत दुसऱ्या नोडला हात लावायचा नाही, मग अपडेट कितीही तातडीचं असो. तीनपैकी दोन गेले तर लिहिणं बंद होतं. लोक यावर चिडतात, मला ते बरोबर वाटतं. स्प्लिट-ब्रेन (एकाच फाइलीच्या प्रती वेगवेगळ्या होऊन खरी कोणती ते न कळणं) निस्तरण्यापेक्षा थांबलेलं परवडलं. दोनच मोठी मशीन असतील तर तिसरं छोटं आर्बिटर म्हणून लावा. त्यावर फाइलींची नावं आणि मेटाडेटा राहतो, डेटा नाही.

तक्रार एकच. हजारो बारक्या फाइलींचं फोल्डर उघडायला लागणारा वेळ वैताग आणतो, सगळे नोड चालू असतानाही. शिवाय रेड हॅटने २०११ मध्ये ग्लस्टर विकत घेतलं खरं, पण त्यांच्या ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. चालू सेटअप मी हलवणार नाही. नवीन उभारायचा झाला तर आधी सेफ (Ceph, अशीच दुसरी स्टोरेज सिस्टिम) लावून त्याची केबल उपटेन.