हँडी, टेपची यागी आणि स्पेस स्टेशनमार्गे मेसेज: पावसाळा, हिवाळा वापरून झाल्यावर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हा सेट जमवला, आता रंगपंचमीची गेरसुद्धा (इंदूरची मिरवणूक) होऊन गेली, म्हणजे बऱ्यापैकी सगळे ऋतू बघून झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही. सेट म्हणजे पाच वॅटची साधी ड्युअल बँड हँडी (हातात धरायचा, वॉकीटॉकीसारखा रेडिओ), स्टीलच्या मेजरिंग टेपची घरी केलेली तीन एलिमेंटची (आडव्या पट्ट्यांची) यागी अँटेना, म्हणजे एका दिशेला रोखून धरायची, अँड्रॉइड फोनवर एपीआरएसड्रॉइड ॲप (एपीआरएस म्हणजे रेडिओवरून छोटे मेसेज आणि पोझिशन पाठवायची पद्धत) आणि फोन-हँडी जोडणारी ऑडिओ केबल, बस. एवढ्यावर मी इंदूरला रामबागेतल्या घराच्या गच्चीवरून स्पेस स्टेशनवरच्या हॅम (हौशी लोकांच्या) रेडिओमार्गे टेक्स्ट मेसेज पाठवतो. नेट नको, टॉवर नको, महिन्याचं बिल नाही. लायसन्स मात्र हवंच, डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याची) परीक्षा देऊन मिळतं, ते हातात येईपर्यंत नुसतं ऐका, पीटीटीला (बोलायच्या बटणाला) हात लावू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेसेज पाठवणं सोपं आहे, तो पोचला हे कळणं अवघड आहे, आणि सॅटेलाइट मेसेजिंगमध्ये आजवर जे जे शोध लागले त्यातले निम्मे-अधिक या दुसऱ्या भानगडीसाठीच लागलेत हे मला हा सेट वापरतानाच कळलं.

स्पेस स्टेशन साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून जातं, एक फेरी ९०-९३ मिनिटांची, आणि आपल्या डोक्यावरचा चांगला पास, म्हणजे आभाळातून एकदा जाणं, जेमतेम दहा मिनिटांचा. तिथल्या कोलंबस मॉड्यूलमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये हॅम लोकांसाठी नवा रेडिओ बसवला. तो पॅकेट मोडमध्ये (मजकूर छोट्या तुकड्यांत, पॅकेटांत पाठवणारा) असला की १४५.८२५ मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि जे नीट ऐकू आलं ते त्याच फ्रिक्वेन्सीवर परत बोलतो. स्पीड १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट, मेसेज ६७ अक्षरांचा, तोही रोमन लिपीत. पहिली पोचपावती म्हणजे आपलंच पॅकेट वरून परत ऐकू येणं. भाचा फोनवर पासची वेळ बघत उभा असतो, मी मनगट फिरवत अँटेना धरतो (स्टेशन पुढे सरकतं तसं पोलरायझेशन, म्हणजे लहरीचा आडवा-उभा कल, बदलत जातं, नुसती दिशा धरून भागत नाही, अँटेना आडवी-उभी फिरवत राहायला लागते) आणि तो ओरडतो, "मामा, आला आला, तुझा कॉलसाइन आला!" (कॉलसाइन म्हणजे लायसन्ससोबत मिळणारं रेडिओवरचं नाव.) हा आनंद अजून कमी झालेला नाही.

पण वरच्याने ऐकलं म्हणजे समोरच्याला मिळालं असं नाही ना. हिशोब करा, माझ्याकडून वर, वरून समोरच्याकडे, त्याची पावती वर, आणि वरून माझ्याकडे, अशा चार उड्या. प्रत्येक उडी दहातल्या सात वेळा जमते असं धरलं तरी चारही जमण्याची शक्यता चोवीस टक्क्यांच्या आसपासच येते. म्हणून ॲपवर मेसेज गेलेला दिसतो आणि ॲक (पावती) येत नाही तेव्हा घाबरायचं नाही, पुष्कळदा मेसेज मिळालेला असतो, पावतीच वाटेत हरवलेली असते. एपीआरएसमध्ये प्रत्येक मेसेजला नंबर असतो तो यासाठीच, परत पाठवला तरी समोरच्याच्या ॲपला कळतं की हा तोच जुना मेसेज, आणि ते पावती तेवढी नव्याने पाठवतं. वाचायला क्षुल्लक वाटतं पण या नंबराशिवाय सगळा गोंधळ झाला असता.

दुसरी गोष्ट, यातला प्रोटोकॉल (पॅकेट बांधायचे नियम) आहे एएक्स.२५, जुना आणि कडक. पॅकेटच्या शेवटी १६ बिटांचा तपासणीचा आकडा असतो, एक बिट जरी चुकला तरी तो जुळत नाही आणि अख्खं पॅकेट फेकून दिलं जातं. चूक झाली हे कळतं, दुरुस्त करता येत नाही. यावर उपाय म्हणून नंतर एफएक्स.२५ आलं, तेच पॅकेट पण सोबत रीड-सोलोमन कोडची जादा बाइट्स, म्हणजे मधे काही बाइट खराब झाले तरी घेणारा ते गणिताने भरून काढतो. रीड आणि सोलोमन यांनी हे गणित १९६० मध्ये मांडलं होतं, व्हॉएजर यानाच्या सिग्नलपासून सीडीपर्यंत सगळीकडे वापरलं गेलं. गंमत म्हणजे जुन्या मोडेमलाही एफएक्स.२५ चं पॅकेट साध्या पॅकेटसारखं वाचता येतं. लॅपटॉपवर डायर वूल्फ सॉफ्टवेअर घेतलं तर त्यात हे आहे, माझ्या फोनच्या जोडणीत मात्र नाही, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकणारी कमतरता आहे.

आता गर्दीचं बघा. स्टेशन इंदूरच्या डोक्यावर असतं तेव्हा त्याला चहूबाजूंनी साधारण २२०० किलोमीटरपर्यंतचं ऐकू येतं, मस्कतपासून ढाक्यापर्यंत आणि खाली कोलंबोपर्यंत. आमच्यापैकी कोणालाच एकमेकांचं जमिनीवरून ऐकू येत नाही, त्यामुळे दोघं एकदम बोलले की वर खिचडी होते. हाच प्रश्न हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्यासमोर होता, त्यांचं अलोहानेट हे रेडिओ नेटवर्क १९७१ मध्ये सुरू झालं, आणि त्याचं गणित असं की कोणीही कधीही बोलायचं ठरवलं तर चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच उपयोग होतो, वेळेचे ठरावीक खण पाडले तर दुप्पट. आमच्याकडे खण नाहीत. म्हणून कळकळीने सांगतो, ॲपमधलं ऑटो बीकन बंद ठेवा, दर मिनिटाला आपली पोझिशन ओतू नका, एक मेसेज पाठवून थांबा आणि ऐका. रविवारी संध्याकाळच्या पासला गर्दी जाणवते, पहाटेच्या पासला ॲक पटकन येतो.

एपीआरएस ज्यांनी काढलं ते बॉब ब्रुनिंगा, अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीतले, फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेला पीसीसॅट हा सॅटेलाइट ३० सप्टेंबर २००१ ला अलास्कातून सुटला, आणि आपल्यासारख्यांनी खिशातल्या रेडिओवरून थेट सॅटेलाइटमार्गे मेसेज पाठवावा ही कल्पना त्या मंडळींनी मनावर घेऊन खरी केली. आपल्या इस्रोनेही मनापासून साथ दिलीये. हॅम लोकांसाठीचा ४२.५ किलोचा हॅमसॅट ५ मे २००५ ला गेला आणि २०१४ पर्यंत चालला, आणि १ एप्रिल २०१९ च्या पीएसएलव्ही-सी४५ मध्ये तर रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरच ॲमसॅट इंडिया या हॅम लोकांच्या संस्थेचा एपीआरएस रिपीटर (ऐकून परत बोलणारा रेडिओ) बसवून पाठवला होता. रॉकेटचा जो भाग एरवी नुसता कचरा म्हणून फिरत राहतो त्यावर मेसेजचं पोस्ट ऑफिस! असे अजून हवेत.

पोस्ट ऑफिसवरून आठवलं, या सेटची मोठी मर्यादा अशी की स्टेशन मेसेज साठवत नाही, माझा मित्र त्याच वेळी त्याच घेऱ्यात रेडिओ लावून बसलेला असला तरच मेसेज मिळतो. साठवून पुढे देणारे सॅटेलाइट होऊन गेलेत, कुरियर-१बी १९६० चा, आणि १९९० मध्ये सोडलेल्या यूओसॅट-३ वरून तर आफ्रिकेतल्या डॉक्टरांचे वैद्यकीय मेसेज जायचे, एका गावावरून उचलायचा, पृथ्वी फिरत दुसऱ्याच्या डोक्यावर आला की द्यायचा. मला वाटतं दुर्गम भागासाठी तीच रीत खरी.

पावसाचं सांगायचं तर श्रावणात आमच्या टीव्हीची डिश बंद पडायची आणि हा सेट चालू. कारण सरळ आहे, डिशची लहर दोन-अडीच सेंटीमीटरची, जोरदार पावसाच्या थेंबांत ती अडकते, आमची दोन मीटरची, तिला थेंब दिसतच नाही. त्रास झाला तो दिवाळीत, आजूबाजूच्या एलईडी माळांनी इतका आवाज वाढवला की स्टेशन क्षितिजापासून वीस अंशाखाली असलं की काही ऐकूच येईना. तेव्हा जानापावच्या डोंगरावर गेलो, तिथे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मोकळं, आणि थायलंडचा कॉलसाइन तिथेच पहिल्यांदा मिळाला.

सामानाचं थोडक्यात. टेप आणि पीव्हीसी पाइप सियागंजात मिळाले, केबलच्या पिना जेल रोडला. मागचं एलिमेंट १०५ सेंटीमीटर, मधले दोन तुकडे ४५-४५, पुढचं ८९. टेपवरचा रंग नीट खरवडल्याशिवाय सोल्डरचा डाग लागत नाही. हँडीचं नाव लिहीत नाही, आवाजावर आपोआप ट्रान्समिट होण्याची तिची सोय सुस्त आहे, पॅकेटची सुरुवात कापली जाते, ॲपमध्ये सुरुवातीचा सिंक टोन लांबवला तेव्हा कुठे काम झालं. बॅटरी ठीक. डॉप्लर, म्हणजे स्टेशनच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकणं, या बँडला साडेतीन किलोहर्ट्झच्या आतच असतो, एफएमवर काही फिरवावं लागत नाही.

आणि हे ट्रेकवर जीव वाचवायचं साधन म्हणून घेऊ नका, पास दिवसातून चार-पाचच वापरण्याजोगे मिळतात, शिवाय स्पेसवॉक किंवा डॉकिंगच्या वेळी रेडिओ बंद ठेवतात, कधी व्हॉइस मोडला असतो, त्यामुळे निघण्याआधी स्टेटस बघायचं. बाहेरच्या देशातून कोणी सॅटेलाइट फोन किंवा खिशातला सॅटेलाइट मेसेंजर आणून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा, थुराया-इरिडियमला इथे परवानगी नाही, पर्यटकांना विमानतळावर अडवलेलं आहे. कायदेशीर रस्ता बीएसएनएलमार्फत इनमारसॅटचा.

मी सेट ठेवणार आहे. पुढच्या महिन्यात पीटीटीची वेगळी वायर असलेली केबल करतोय आणि जुन्या लॅपटॉपवर डायर वूल्फ टाकून एफएक्स.२५ ने समोरासमोर जमिनीवर किती पॅकेट शाबूत पोचतात ते रामबाग ते रालामंडल असं मोजून बघणार आहे.