लेखनिकासह मॉक टेस्ट देता येईल अशी सक्करदऱ्याची अभ्यासिका

नागपुरात अभ्यासिकांना तोटा नाही. सक्करदऱ्याहून मानेवाड्याकडे निघालं की दर दोन गल्ल्यांआड फलक दिसतो: वायफाय, आरओचं पाणी, कूलर, चोवीस तास. पण ‘माझी मुलगी चार तास बसेल, सोबत तिने सांगितलेलं लिहिणारा लेखनिक असेल आणि ती मोठ्याने बोलेल’ असं सांगितलं, की समोरचा असा बघतो जणू आपण लग्नासाठी हॉल मागितलाय. ही अभ्यासिका चालवणाऱ्या भाऊंनी फक्त एवढंच विचारलं, “रविवारी चालते का?”

मुलगी बारावीला आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे उजवा हात ऐकत नाही, डावा लवकर थकतो. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई मेनला तिला लेखनिक मिळतो आणि तीनऐवजी चार तास मिळतात. दिव्यांग परीक्षार्थींसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं भरपाई वेळ आहे, त्या हिशेबाने. आता या चौथ्या तासाचा सराव करायचा कुठे? पैसे भरून घेतलेली ऑनलाइन टेस्ट सिरीज 180 मिनिटं झाली की पेपर आपोआप जमा करून टाकते. हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, “मॅडम, टाइम सगळ्यांना सेमच आहे.” नाव लिहीत नाही, पण पैसे परत मिळाले नाहीत एवढं सांगते.

म्हणून जुने पेपर प्रिंट काढून इथे बसवायला लागलो. भाऊंनी मागच्या खोलीतले वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवून दोन खुर्च्या शेजारी मावतील असं रुंद टेबल लावून दिलं. पैसे हॉलमधल्या एका सीटचेच, खोलीचे वेगळे घेत नाहीत. उन्हाळ्यात मात्र पंचाईत. कूलर लावला की लेखनिकाला ऐकू येत नाही, बंद केला की घामाने कागद हाताला चिकटतो. शेवटी भाऊंनी कूलर बाहेरच्या पॅसेजमध्ये नेला आणि दार अर्धं उघडं ठेवलं. जमलं बऱ्यापैकी. जेईईची दुपारची शिफ्ट 3 ला सुरू होते, म्हणजे हिची 7 ला संपणार. म्हणून आम्ही मुद्दाम त्याच वेळेला बसवतो.

लेखनिक शेजारची, अकरावी कॉमर्सची. हुशार पोरगी, पण फिजिक्सशी संबंध नाही. मुलगी म्हणाली, “वन अपॉन एक्स प्लस टू.” तिने एक छेद एक्स लिहिलं आणि पुढे अधिक दोन. हिला म्हणायचं होतं, एक्स अधिक दोन सगळंच छेदात. उत्तर चारही पर्यायांत बसेना. चूक कुठली ते शोधता शोधता तो प्रश्न गेलाच, पुढच्या दोघांचा वेळही खाल्ला. मग उतरणीवरचा ठोकळा. “घर्षणाचा बाण वर” म्हटल्यावर तिने बाण सरळ आभाळाकडे काढला. उतरणीला धरून वर, हे तिला कुठून कळणार? आता दोघींची ठरलेली भाषा झाली आहे: “खाली ब्रॅकेट उघड”, “बाण उतरणीच्या अंगाने”. तो जास्तीचा तास जातो तो इथे. प्रत्येक ओळ आधी मनात, मग तोंडाने, मग तिच्या हाताने, मग पुन्हा हिच्या डोळ्यांनी तपासून. आणि चौथ्या तासाला ही इतकी दमलेली असते, की मला वाटतं, वेळेसोबत मध्ये दहा मिनिटांची विश्रांती दिली तर जास्त उपयोग होईल.

हॉलमधल्या एका मुलाने मला विचारलंच, “काकू, हिले एक तास जास्त काहून जी? मॅथ्सले टाइम तर आम्हालेबी पुरत नाही.” मुलीने त्याला बसवलं आणि म्हणाली, “पेन खाली ठेव, हिला सांगून एक गणित सोडव.” अर्ध्यावर सोडलं त्याने. तरी त्याचं म्हणणं बदललं नाही: वेळ सगळ्यांनाच वाढवा. खरं सांगायचं तर ते मलाही पटतं. 75 प्रश्न 180 मिनिटांत सोडवायचे, यात गणित किती तपासलं जातं आणि वेग किती?

दुसरा सूर जास्त बोचतो: अपंगत्वाची खोटी सर्टिफिकेटं काढतात लोक. काढतात, नाही कोण म्हणतं? 2019 मध्ये अमेरिकेत उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी अशीच कागदपत्रं जमवून मुलांना एसएटी, एसीटी या तिथल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांना वाढीव वेळ मिळवून दिल्याचं निघालं. आपल्याकडेही 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून गदारोळ झाला, आणि तेव्हापासून यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र दाखवलं तरी लोक पोरीला वरून खालपर्यंत न्याहाळतात. खोटं पकडायचं तर मेडिकल बोर्डासमोर पकडा ना. 2021 च्या नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेला डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यात अडचण असलेल्या अवनी प्रकाशला हक्काचा वाढीव तास केंद्रावर मिळालाच नाही. सुप्रीम कोर्टाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण पुन्हा परीक्षा काही मिळाली नाही. तो निकाल वाचल्यापासून सूचनांची प्रिंट मी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवते. एक प्रत भाऊंनी मागून घेऊन नोटीस बोर्डावर लावली आहे.

रेटिंगमधला एक तारा कापते तो पायऱ्यांसाठी. दारात तीन पायऱ्या, रॅम्प नाही, कठडाही नाही. बाथरूमला आणखी एक उंच पायरी आहे आणि तिथली फरशी कायम ओली असते. भाऊ म्हणतात, घरमालकाशी बोलून राहिलो. निदान कठडा तरी लावा, त्याला कितीसा खर्च आहे?

जाणार असाल तर दोन दिवस आधी फोन करा, कारण मागची खोली एकच आहे. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच न्या. वर्गातली मैत्रीण बसवली तर ती न सांगताच बरोबर लिहील, आणि परीक्षेच्या दिवशी तशी कोणी शेजारी नसेल.