आयडीचा क्रम तपासायला पार्स की इटरपार्स?

एक्सएमएल फाइलमधल्या नोंदींचे आयडी सलग आहेत का, मधला एखादा गळलाय का, हे एका सहकारी मैत्रिणीला पायथॉनमध्ये शोधायचं होतं. एलिमेंटट्री या पायथॉनच्या एक्सएमएल वाचणाऱ्या मॉड्यूलमधलं पार्स (अख्खी फाइल एकदम वाचणारं) वापरावं की इटरपार्स (तुकड्यातुकड्याने वाचणारं), यावर ती अडली होती.

कोड लिहायला पार्स सोपं. अख्खं ट्री, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या नोंदींची रचना, हाताशी असतं. आयडींची यादी काढा, सॉर्ट करा, शेजारचे दोन आकडे वजा करून बघा. उत्तर १ आलं तर ठीक, ० आलं तर आयडी दुबार, १ पेक्षा जास्त आलं तर मधला गायब. फक्त त्याआधी इंट लावायला, म्हणजे आयडीचा आकडा करायला, विसरू नका. अ‍ॅट्रिब्यूटची (टॅगमध्ये लिहिलेल्या माहितीची, इथे आयडीची) व्हॅल्यू स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून येते आणि स्ट्रिंगच्या क्रमात '१०' हे '९' च्या आधी लागतं. इटरपार्समध्येही हीच काळजी घ्यावी लागते.

मेमरीच्या बाबतीत इटरपार्स सरस, पण प्रत्येक नोंद वाचून झाली की क्लिअर वापरून ती रिकामी करायलाच हवी. नाहीतर मागे ट्री वाढतच जातं. मागचा आयडी एका व्हेरिएबलमध्ये धरून पुढच्याशी ताडता येतो, मात्र नोंदी उलटसुलट असतील तर आयडी साठवावेच लागतात.

काही एमबीची फाइल एकदाच तपासायची असेल तर पार्स घ्या. काही जीबीची फाइल रोज येत असेल तर इटरपार्स.