जॅकमनाई की नेली मोझर: पहिली क्लेमॅटिस निवडताना

इंग्लंडमध्ये घरामागे हातभर का होईना बाग मिळाली, की भिंतीवर मोठ्या फुलांची क्लेमॅटिसची वेल चढवावी असे आपल्याकडच्या बहुतेकांना वाटू लागते. मग मे महिन्यात रोपवाटिकेत जाऊन, जे रोप त्या दिवशी फुललेले दिसेल तेच उचलून आणले जाते. माझ्या मते फुलाचा रंग हा या निवडीतला सर्वांत शेवटचा प्रश्न आहे. आपली भिंत कोणत्या दिशेची आहे आणि हिवाळ्याच्या अखेरीस छाटणीसाठी आपण किती वेळ देऊ शकतो, हे आधी पाहावे. इथल्या बागांत वर्षानुवर्षे टिकलेल्या ‘जॅकमनाई’ आणि ‘नेली मोझर’ या दोन जाती नेमक्या याच दोन मुद्द्यांवर एकमेकींपासून वेगळ्या होतात.

जॅकमनाई ही सरे परगण्यातील वोकिंग गावच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत 1858 साली केलेल्या संकरातून निघाली. तिचे फूल साधारण 10 सेंटिमीटरचे, गडद जांभळे आणि मखमली असते, त्याला बहुधा चारच दले असतात, आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत ती सतत फुलत राहते. नेली मोझर फ्रान्समध्ये व्हर्सायच्या मोझर यांनी 1897 मध्ये बाजारात आणली. तिची फुले 15 सेंटिमीटरहून मोठी, फिकट गुलाबी असून प्रत्येक दलाच्या मधोमध गडद पट्टा असतो. मे-जूनमध्ये तिला भरघोस बहर येतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी दुसरा, बराच विरळ बहर येतो. (ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती दोन्ही वेलींत खरे तर संदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले, आहेत, कदाचित म्हणूनच ती इतकी टिकतात.)

आता छाटणी, कारण नवख्या माणसाची फसगत इथेच होते. जॅकमनाईला फुले येतात ती त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांवर. म्हणून फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी सगळी वेल जमिनीपासून सुमारे 30 सेंटिमीटरवर, फुगलेल्या डोळ्यांच्या (म्हणजे फुटव्याच्या कळ्यांच्या) जोडीच्या वर कापून टाकायची, एवढाच नियम आहे. नेली मोझरचा पहिला बहर मात्र गेल्या वर्षीच्या जुन्या लाकडावर येतो. तिथे एकेक फांदी वरून खाली तपासत यावे लागते. फेब्रुवारीत ती तपकिरी, तंतुमय काडी पूर्ण वाळलेली वाटते, पण जवळ जाऊन पाहिले की प्रत्येक पेराशी समोरासमोर दोन डोळे बसलेले दिसतात, गव्हाच्या दाण्याएवढे, टोकाला हिरवट. जिथे असे दणकट डोळे सापडतील तिथे थांबायचे आणि त्यावरचा फक्त मेलेला शेंडा काढायचा. एका मार्चमध्ये मी हे न पाहता नेली मोझरही जॅकमनाईसारखीच गुडघ्याखाली कापली. वेल मेली नाही, जोमाने वाढलीही, पण त्या वर्षी मे महिन्यात भिंतीवर एकही फूल नव्हते, आणि ऑगस्टमध्ये आली ती मोजकीच. लावल्यानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत मात्र दोन्ही वेली 30 सेंटिमीटरवर कापाव्यात. त्यामुळे बुडापासून जास्त फांद्या फुटतात.

दिशेचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. जॅकमनाईला ऊन हवे. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ती खुलते. नेली मोझरचे रंग कडक उन्हात उडतात आणि तो सुंदर पट्टा पांढुरक्या दलांत विरून जातो. उत्तरेकडे तोंड असलेली सावलीतली भिंत, जिथे दुसरे काही फुलवायचे म्हटले तरी पंचाईत होते, तिथे नेली मोझर आपला रंग राखते. तुमच्याकडे फक्त अशीच भिंत असेल तर निर्णय झाला म्हणून समजा. उन्हाची भिंत असेल आणि ही आयुष्यातली पहिलीच क्लेमॅटिस असेल, तर मी निःशंकपणे जॅकमनाई सुचवेन, कारण तिच्या छाटणीत चुकायला जागाच फारशी नाही. तिची उणीव म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात पानांवर येणारी भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी. बुडाशी ओल राखली आणि वेलीत हवा खेळती ठेवली तर ती आटोक्यात राहते.

बाकीची निगा दोघींची सारखीच. मोठ्या फुलांच्या जातींना मर रोगाचा धोका असतो. चांगली फुललेली फांदी दोन दिवसांत माना टाकते. त्यावर उपाय लावतानाच करायचा असतो: रोप कुंडीत होते त्यापेक्षा 5 ते 8 सेंटिमीटर खोल लावावे, म्हणजे वरचा भाग गेला तरी मातीखालच्या डोळ्यांतून वेल पुन्हा उठते. मुळांशी सावली आणि ओल हवी, म्हणून बुडाशी कुजलेल्या शेणखताचे आच्छादन द्यावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. ही वेल पानांच्या देठांनी पकड घेते, आणि ते देठ पेन्सिलीहून जाड आधाराभोवती सहसा वळत नाहीत. त्यामुळे लाकडी जाळीवर बारीक तारा ताणून द्याव्यात. वसंतात पालाशयुक्त खत, म्हणजे टोमॅटोला घालतात तेच, पुरते. कोवळे कोंब गोगलगायी एका रात्रीत फस्त करतात, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी एक फेरी मारावी. रसाने कातडीची आग होते म्हणून हातमोजे घालावेत.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी रोप न्यावे का, असे मला विचारले जाते. नेऊ नये, तिथल्या उन्हाळ्यात या संकरित वेली रमत नाहीत. सह्याद्रीत आपली मोरवेल आहे, तीही क्लेमॅटिसच, पांढऱ्या लहान फुलांची आणि पिसासारख्या बियांची, आणि त्या हवेत तीच शोभते.

खरेदी करताना फुलांकडे पाठ फिरवून कुंडीच्या तळाची भोके पाहावीत. तिथे पांढरट, जाड मुळे दिसली आणि बुडातून दोन-तीन फांद्या निघालेल्या असल्या, तर ते रोप घ्यावे, मग त्या दिवशी त्यावर एकही कळी नसली तरी चालेल.