संगणकाचं कॅबिनेट बदलताना कोणता डीव्हीडी ड्राइव्ह ठेवावा?

आयडीई, म्हणजे रुंद पट्टीसारख्या केबलच्या जुन्या जोडणीच्या ड्राइव्हचा निर्णय सोपा आहे. इंटेलने 2006 मध्ये आयसीएच8 चिपसेटमधून आयडीई काढून टाकलं आणि आजच्या मदरबोर्डवर तो 40 पिनांचा कनेक्टर मिळत नाही. यूएसबी अ‍ॅडॅप्टरवर चालवायचा झाल्यास मागचा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) बहुतेक वेळा 'मास्टर'वर ठेवावा लागतो. एवढा खटाटोप करावा असं त्यात सहसा काही नसतं.

खरी निवड आहे ती जुना पूर्ण आकाराचा साटा (आयडीईनंतर आलेली जोडणी) डीव्हीडी रायटर आणि यूएसबीवर चालणारा स्लिम ड्राइव्ह यांच्यात. वेगाची तुलना करत बसू नये. 16 एक्सला, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट वेगाला, डीव्हीडी सेकंदाला साधारण 22 एमबी देते, आणि तेवढं यूएसबी 2.0 सुद्धा पेलतं.

स्लिम ड्राइव्हच्या बाजूने बोलायचं तर तो टेबलाच्या खणात मावतो, लॅपटॉपलाही चालतो आणि नव्या कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची जागा नसली तरी अडत नाही. चांगल्या स्थितीतल्या डिस्क अधूनमधून वाचायच्या असतील तर तो पुरेसा आहे.

माझं मत फिरलं ते ओरखडलेल्या डिस्कमुळे. वाचता न येणारा भाग आला की ड्राइव्ह वेग कमी करतो, लेन्स मागेपुढे नेतो, मोटर पुन्हा फिरवतो. या धडपडीत विजेची मागणी क्षणभर उसळते. यूएसबी 2.0 पोर्टकडून 500 आणि 3.0 कडून 900 मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित असतं, स्लिम ड्राइव्हची उसळी मात्र त्यापलीकडे जाऊ शकते. मग ड्राइव्ह खट्‌ आवाज करून सिस्टीममधून गायब होतो, परत दिसतो, आणि कॉपी होत असलेली फाइल अर्धवट राहते. दोन यूएसबी प्लगची केबल किंवा स्वतंत्र वीज असलेला हब लावला की बरंच निभतं. पण जुन्या डिस्कमधला डेटा वाचवायचा म्हणूनच आपण ड्राइव्ह जपतो, आणि नेमका तिथेच हात आखडता घेणारा ड्राइव्ह मला पटत नाही.

पूर्ण आकाराच्या ड्राइव्हला 5 आणि 12 व्होल्ट दोन्ही लागतात. म्हणूनच अडीच इंची हार्ड डिस्कसाठीची साटा-यूएसबी केबल त्याला चालत नाही, कारण तिच्यात 12 व्होल्ट नसतात. स्वतंत्र पॉवर अ‍ॅडॅप्टर असलेली आणि ऑप्टिकल ड्राइव्ह चालतो असं स्पष्ट लिहिलेलीच घ्यावी. अशा केबलमधल्या साटाचं यूएसबी करणाऱ्या काही ब्रिज चिपना फक्त हार्ड डिस्कच कळते.

ठेवण्याआधी तपासणी करा. सीडी, कारखान्यात छापलेली डीव्हीडी आणि घरी बर्न केलेली डीव्हीडी, तिन्ही लावून पाहा. सीडीचा लेसर 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650 चा, त्यामुळे एक थकला तरी दुसरा धडधाकट असू शकतो. ट्रे अडकत असेल तर ड्राइव्ह फेकू नका. बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. वीज बंद करून समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घातली की ट्रे बाहेर येतो, आणि पट्टा बदलला की काम होतं.

ब्ल्यू-रे ड्राइव्ह असेल आणि 25 किंवा 50 जीबीच्या डिस्क अजून हाताशी असतील तर तो जपाच, पण रोजच्या सीडी वाचायला तो झिजवू नये असं मला वाटतं. त्या कामाला साधा साटा रायटर आहे.