"सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्याला मी साडेनऊ हजार दिले

जानेवारी २०२४ मध्ये आमचा गृहकर्जाचा अर्ज बँकेने परत केला. मी आणि नवरा दोघंही नोकरीत, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. बँकेतल्या ताईंनी माझा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावावर एक खातं दिसत होतं: प्रकार 'टेल्को – ब्रॉडबँड', थकबाकी ३,५३६ रुपये, पुढे शेरा 'रिटन-ऑफ', म्हणजे वसूल होणार नाही असं धरून कंपनीने बुडीत दाखवलेली रक्कम. "आधी हे मिटवा, मग या," त्या म्हणाल्या.

ते ब्रॉडबँड मी जून २०२१ मध्येच बंद केलं होतं. फोन करून कळवलं, दोन दिवसांनी कंपनीचा माणूस येऊन मोडेम घेऊन गेला. त्याने कागद दिला नाही, मीही मागितला नाही. कंपनीच्या नोंदीत मात्र कनेक्शन चालूच राहिलं. ९९९ रुपयांचा प्लॅन, त्यावर १८ टक्के जीएसटी, अशी तीन महिन्यांची बिलं निघाली आणि मी कधीच न उघडणाऱ्या जुन्या ईमेलवर पडत राहिली. सिबिलशी संबंध फक्त बँकांचा, अशी माझी समजूत होती. फोन आणि ब्रॉडबँड कंपन्यांची थकबाकीही तिथे चढू शकते, हे त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मी फोनवर 'सिबिल दुरुस्ती' असं शोधलं. खरी फसवणूक इथून सुरू झाली, म्हणून हा भाग सविस्तर सांगते.

त्या शोधात सापडलेला तो माणूस अतिशय अदबीने बोलायचा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "मॅडम, तुमची केस साधी आहे. आपले आत लोक आहेत. १५ दिवसांत एंट्री डिलीट." फी साडेनऊ हजार, निम्मी आधी. पॅन आणि आधारचे फोटो मागवले. नंतर एक ओटीपी आला, तो विचारला. "तुमच्या नावाने तक्रार टाकायची तर ओटीपी लागणारच ना," म्हणाला. पटलं मला. घर हातचं जाईल या भीतीत माणसाला सगळंच पटतं.

त्या ओटीपीवर त्याने एका क्रेडिट माहिती कंपनीच्या (सिबिलसारख्या, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या) साइटवर माझ्या नावाने खातं उघडलं, पण ईमेल दिला स्वतःचा. त्यामुळे तिथून येणारं प्रत्येक उत्तर त्याच्याकडे जात होतं. तक्रारीत लिहिलं, 'हे खातं माझं नाहीच.' हे धादांत खोटं होतं. खातं माझंच होतं, चूक होती ती बिलांची. ब्रॉडबँड कंपनीने सहज कळवलं की ग्राहक हीच आहे, आणि तक्रार फेटाळली गेली. मला मात्र तो सांगत राहिला, "प्रोसेसमध्ये आहे."

विसाव्या दिवशी त्याने उरलेली फी घेतली आणि नवी गोष्ट काढली. कंपनी १,८०० रुपयांत सेटलमेंट करायला तयार आहे, आजच भरा. कंपनीचं नाव आणि शिक्का असलेलं पत्रही पाठवलं. मी पैसे भरले, ते एका खाजगी यूपीआय आयडीवर गेले. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन बंद झाला. कंपनीत चौकशी केली तर १,८०० रुपये पोचलेलेच नव्हते आणि पत्र बनावट निघालं. इथे एक सांगायलाच हवं. ते पत्र खरं असतं तरी माझं नुकसानच झालं असतं. 'सेटल्ड' हा शेरा म्हणजे कर्जदाराने पूर्ण पैसे दिले नाहीत, असाच बँका त्याचा अर्थ लावतात. आणि न लागणाऱ्या पैशांची तडजोड करणं म्हणजे ते लागत होते हे आपणच कबूल करणं.

मग मी स्वतः त्या साइटवर गेले, तर 'हा पॅन आधीच नोंदवलेला आहे' असं उत्तर. खातं परत माझ्या ईमेलवर आणायलाच बारा दिवस गेले. त्यांच्या मदत केंद्रावरच्या मुलीने दोन मिनिटांत जे सांगितलं, त्यासाठी मी साडेनऊ हजार घालवले होते. तक्रार नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. आणि नोंद पाठवणाऱ्या कंपनीने दुजोरा दिल्याशिवाय क्रेडिट माहिती कंपनी स्वतःहून काहीच पुसू शकत नाही. म्हणजे 'आतले लोक' असा प्रकार नसतोच. दुरुस्ती होते ती जिथून चूक आली तिथूनच.

म्हणून मी मूळ कंपनीकडे वळले. पहिल्या तक्रारीचा डॉकेट नंबर मिळाला, उत्तर आलं "बिल योग्य आहे." दूरसंचार सेवांसाठी तक्रारीची दुसरी पायरी असते, कंपनीतल्याच अपील प्राधिकाऱ्याची. तिथे अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. पुरावा म्हणून माझ्याकडे काय होतं? जुना फोन चार्ज करून मेसेज चाळत बसले. १९ जून २०२१ चा मेसेज सापडला: 'आपल्या पत्त्यावरून मोडेम परत घेतला आहे.' ती एक ओळ आणि त्यानंतरची तीन बिलं मी एकत्र जोडली. मोडेमच नसेल तर इंटरनेट वापरलं कसं, एवढंच विचारलं. अपील मंजूर झालं, बिलं रद्द झाली आणि 'नो ड्यूज' पत्र आलं.

तेव्हा ते झालं नसतं तर ग्राहक न्यायालयात जायची माझी तयारी होती. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरच्या माणसानेही मला नीट मार्गदर्शन केलं.

पत्र आलं म्हणजे काम झालं असं मी धरून चालले, तेही चुकलं. भारतात क्रेडिट माहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींचे अहवाल काढले तर तीन ठिकाणी नोंद सुधारली होती, चौथीकडे 'रिटन-ऑफ' तसंच. तिथे या वेळी खरं कारण लिहून तक्रार टाकली, सोबत पत्र जोडलं. नियमाप्रमाणे त्यांना ३० दिवस असतात, काम तेविसाव्या दिवशी झालं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्या योजनेत आहेत.

जुलैत कर्ज मंजूर झालं. पण जे घर आम्ही बघितलं होतं ते मार्चमध्येच विकलं गेलं होतं.

त्या माणसाला दिलेले पैसे परत आले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली, पण सगळं उलगडेपर्यंत दोन महिने उलटले होते. पैसे गेल्याचं कळलं त्याच तासाला फोन करा, रक्कम पुढे वळवण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

माझ्या पॅन-आधारचे फोटो अजून त्याच्याकडेच आहेत. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यामुळे मी दर तीन महिन्यांनी एकीचा, असे पाळीपाळीने काढते. खात्यांच्या यादीपेक्षा आधी शेवटचा 'चौकशी' हा भाग वाचते, कारण आपल्या नावाने कुणी कर्ज मागितलं तर ते तिथेच आधी दिसतं. ऑक्टोबरच्या अहवालात एका कर्ज-अॅपची चौकशी होती. मी तिथे कधीच अर्ज केला नव्हता. कर्ज निघायच्या आत, त्याच दुपारी त्या कंपनीला लेखी कळवलं.